ख्रिस्तपुराण आणि आपलें शास्त्रवाचन

पवित्र शास्त्र घरांत असणें निराळें आणि अंतःकरणांत असणें निराळें. जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं, तें आपल्या भाषेंतील पहिल्या ख्रिस्ती वाचकांच्या अंतःकरणांत कोणत्या वाटेनें उतरलें, हें पाहणें उचित होय.

इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं तेथेंच प्रभुवासी झाले. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनीं सासष्टीच्या ख्रिस्तमंडळींत वेंचला. तेथील नवख्रिस्ती लोकांची एक मोठी अडचण होती. जुनीं पुराणें पोर्तुगीज राजसत्तेनें बंद केलीं होतीं. नवी धर्मशिकवण ते मुखोद्गत करीत. परंतु फावल्या वेळीं वाचावें, गावें, मुलाबाळांस ऐकवावें, असें त्यांच्या हातीं कांहीं उरलें नव्हतें. फादरांनीं ग्रंथारंभीं हीच उणीव एका नवख्रिस्ती श्रोत्याच्या मुखें वदविली आहे.

'ख्रिस्तपुराण' हें त्या उणिवेचें उत्तर. १६१६ सालीं राचोल येथें छापलेल्या या ग्रंथांत जुन्या कराराची कथा व प्रभू येशूचें चरित्र मिळून सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत, अशी विनंती फादरांनीं १६०८ सालीं रोमला केली होती. ते खिळे झाले नाहींत, म्हणून मराठी ओवी रोमन लिपींत छापली गेली.

ओवीच कां घेतली, हें आमच्या माताभगिनींस सांगावयास नको. जात्यावर बसून म्हटलेली ओवी घाईनें म्हणतां येत नाहीं. ती पुन्हां पुन्हां घोळविली जाते, आणि अक्षरें न येणारासही ती आपलीशी करितां येते. शास्त्रवचन मनांत मुरावें, तर त्यास असाच अवकाश द्यावा लागतो.

१६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला. १६८४ सालीं सरकारनें लोकभाषा सोडून पोर्तुगीज धरण्याची आज्ञा काढली. त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज सांपडत नाहीं. तरी पुराण टिकलें. कारण भाविकांनीं तें ओवीमागून ओवी हातानें उतरून घेतलें होतें. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तें छापलें, आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति निघाली. ज्यांनीं दिव्याच्या उजेडांत एकेक ओवी लिहिली, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु त्यांच्याएवढें सावकाश शास्त्रवाचन आपणांपैकीं किती जण करितात?

१९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सर्व श्रद्धावंतांस शास्त्र वारंवार वाचण्याचा व वाचनास प्रार्थनेची जोड देण्याचा उपदेश केला. आज संपूर्ण बायबल मराठींत सुलभ आहे. पूर्वजांस ग्रंथाची वाण होती; आपणांस निवांतपणाची आहे.

तरी, प्रिय ख्रिस्तबंधुभगिनींनो, या जुबिलीचें स्मारक आपल्या घरांतही उभें राहो. रात्रीं रोझरी झाल्यावर शुभवर्तमानांतील चार ओळी कोणी मोठ्यानें वाचाव्या, क्षणभर सर्वांनीं स्तब्ध बसावें, आणि हें वचन आज मजला काय सांगतें, असें ज्याचें त्यानें स्वतःस पुसावें. शेजाऱ्यास तें काय सांगतें, याची चौकशी नको. पेरणारा प्रभू आहे; भूमि मऊ राखणें एवढेंच आपलें काम. त्यासाठीं तो आपणां सर्वांस कृपा देवो.