एमआरआय : अंगातल्या पाण्याचा रेडिओ



गावाकडून दवाखान्यासाठी नाशिकला येणाऱ्या कितीतरी बाया द्वारकेला उतरतात. आम्हीही तिथूनच जातो. मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका ताईंना डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय सांगितला. गटानं कर्ज दिलं, तरी ताई दोन महिने गेल्या नाहीत. “अंगात किरणं सोडतात म्हणे,” ही भीती. मग आम्हीच या मशीनची माहिती काढली.

एमआरआयमध्ये एक्स-रेचे किरण नसतातच. आपल्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे इवलासा लोहचुंबक. मशीनमधल्या मोठ्या चुंबकामुळे तो एका दिशेला वळतो. त्याला रेडिओलहरींनी हलवलं की तो उलट इशारा देतो. संगणक ते इशारे जुळवून चित्र काढतो. म्हणजे हाही एक रेडिओच!

हे इशारे १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी पकडले. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आपले भारतीय शास्त्रज्ञ एस. एस. धर्मट्टी काम करत. अल्कोहोलमधला हायड्रोजन तीन वेगवेगळे इशारे देतो, हे त्यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये दाखवलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी हेच संशोधन उभं केलं.

या इशाऱ्यांतून चित्र काढण्याची युक्ती लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. १९७७ मध्ये डमाडियन यांच्या मशीननं माणसाच्या छातीचं चित्र काढलं, त्याला जवळपास पाच तास लागले! मॅन्सफिल्ड यांच्या गणितामुळे हे काम झटपट होऊ लागलं. लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं.

या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ शब्द होता. लोक अणुबॉम्ब आठवून घाबरत, म्हणून दवाखान्यात तो गाळला. म्हणजे शहाणेसुरतेही घाबरलेच की!

खरी काळजी चुंबकाची घ्यायची. तो कायम चालू असतो. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचं नळकांडं आत नेल्यानं एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, पिना, मोबाईल बाहेर ठेवा. अंगात पेसमेकर, सळई, तांबी असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगा.

शेवटी ताई गेल्या. त्यांचं मंगळसूत्र आम्ही पदराला बांधून बाहेर बसलो. आल्यावर म्हणाल्या, “आवाज लई, पण दुखलं काहीच नाही.” दुखण्याचं कारण सापडलं, उपचार सुरू झाले. वाया गेले ते भीतीचे दोन महिने. तुमच्या गटात कुणाचे असे दिवस जाऊ देऊ नका.