राणी रामपाल
राणी रामपाल : (४ डिसेंबर १९९४ – ). भारतीय महिला हॉकीपटू, आघाडीची खेळाडू आणि भारतीय संघाची माजी कर्णधार. जन्म हरियाणातील शाहाबाद मारकंडा येथे. वडील गाडा ओढण्याचे काम करून कुटुंब चालवीत. गावातील अकादमीत द्रोणाचार्य पुरस्कारप्राप्त प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्या हाताखाली ती तयार झाली. सरावाला प्रत्येकीने अर्धा लिटर दूध आणायचे असे. घरी तेवढे नसल्याने ती त्यात पाणी घालून नेई.

वयाच्या चौदाव्या वर्षी, २००८ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. २०१० च्या रोसारिओ येथील विश्वचषकात ७ गोल करून ती स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट युवा खेळाडू ठरली. २०१३ मध्ये कनिष्ठ विश्वचषकात भारताने कांस्यपदक पटकावले, त्यातही तिचा मोठा वाटा होता. २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिक खेळली. तिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१७ मध्ये आशिया चषक जिंकला आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रौप्यपदक मिळवले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भुवनेश्वर येथे ऑलिंपिक पात्रतेच्या पहिल्या सामन्यात भारताने अमेरिकेला ५–१ असे हरवले. दुसऱ्यात मात्र अमेरिकेने मध्यंतरालाच चार गोल करून दोन्ही सामन्यांच्या एकूण गोलसंख्येत बरोबरी साधली. ४८ व्या मिनिटाला राणीने केलेल्या गोलामुळे भारत एकूण ६–५ असा तरला. पुढे टोकिओत संघ चौथा आला.

अर्जुन पुरस्कार (२०१६), पद्मश्री (२०२०) आणि खेलरत्न (२०२०) हे तिला लाभलेले प्रमुख सन्मान. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने निवृत्ती पत्करली. तिचा २८ क्रमांकाचा पोशाखही तिच्यासोबत निवृत्त करण्यात आला.