गाणारी गेली, गाणी राहिली

श्रोतेहो, गाणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मंडप, पेटी-तबला, समोर दाटीने बसलेली माणसे. निदान ग्रामोफोनची एखादी तबकडी तरी. आज ज्या बाईची हकिगत सांगायची आहे, तिच्या गाण्यांना यांतले फारसे काही लाभले नाही. ती होती तोवर बाजारात तिची एकही तबकडी आली नाही. तिचा आवाज लोकांपर्यंत पोचवला तो रेडिओने, आणि तोही ती नाहीशी झाल्यावर तीस वर्षांनी.

तिचे नाव एलिझाबेथ ईटन कॉन्व्हर्स. जन्म ३ ऑगस्ट १९२४ चा, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, लॅकोनिया गावी. घर कडक बॅप्टिस्ट वळणाचे. मुलगी मोठी हुशार. शाळेत पहिली आली, माउंट होल्योक कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. तुमच्यातल्या गुरुजींना वाटेल, चला, पोरीचं सोनं झालं! पण दोन वर्षांतच तिने कॉलेज सोडले आणि सरळ न्यूयॉर्क गाठले. तिथे छापखान्यात नोकरी करायची, ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहायचे आणि मोकळ्या वेळात गिटार घेऊन बसायचे. शब्द तिचे, चालही तिचीच. ‘कॉनी’ हे नाव तिला या शहरातच पडले.

त्या काळी अमेरिकेत लोकगीते म्हणणारे पुष्कळ होते. पण ते बहुधा परंपरेने आलेली गाणी म्हणत, नाहीतर कामगारांची, चळवळीची. आपल्या मनातली ठसठस आपल्याच शब्दांत, एकट्या गिटारीवर सांगायची, ही रीत अजून रुळायची होती. कॉनीच्या एका गाण्यात रानात एकटी रमणारी एक बाई आहे. आपल्याला मुळीच एकटे वाटत नाही, असा तिचा आव. पण झऱ्याच्या खळखळीत आणि पाखरांच्या बोलण्यात तिला दुरावलेल्या माणसाचाच आवाज ऐकू येतो! रडणे नाही, उसासे नाहीत, उलट थोडी थट्टाच आहे. आणि नेमकी त्या थट्टेतच कळ दडलेली आहे. दुसऱ्या एका गाण्यात माणसे अंधारातून चाललेली आहेत, जवळजवळ असूनही एकेकटी. आवाज असा, की शेजारच्या खोलीत कुणी झोपले आहे आणि त्याची झोप मोडू नये.

१९५४ साली जीन डाइच नावाच्या गृहस्थांनी आपल्या घरी तिची गाणी टेपवर घेतली. हे डाइच व्यंगचित्रपट करणारे. पुढे ‘टॉम आणि जेरी’चे काही चित्रपटही त्यांनी केले, म्हणजे त्यांचे काम तुमच्या मुलांनी पाहिलेले असण्याचा संभव आहे! त्याच साली कॉनी एकदा टेलिव्हिजनवर गायली. पुढे काहीच नाही. ती काळाच्या पुढे होती, असे आज सारे म्हणतात. मला हे उत्तर जरा सोपे वाटते. विकणाऱ्याला आधी विचारायचे असते, ‘ही कुणासारखी गाते?’ आणि ती कुणासारखीच गात नव्हती.

१९६१ मध्ये तिने न्यूयॉर्क सोडले. त्याच वर्षी बॉब डिलन हा तरुण त्या शहरात आला, आणि स्वतः रचून स्वतः गाणाऱ्यांचे दिवस पुढे लवकरच आले. कॉनी मात्र मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावी भावाजवळ गेली. भाऊ फिलिप तिथे विद्यापीठात प्राध्यापक. ती एका संशोधनाच्या नियतकालिकाचे काम पाहू लागली, मन लावून. गाणी रचणे जवळजवळ थांबले. १९७२ च्या अखेरीस ते नियतकालिकही येल विद्यापीठाकडे गेले. हातचे काम सुटले, मन खचले.

ऑगस्ट १९७४ मध्ये पन्नाशी पुरी झाली. आप्तमित्रांना तिने निरोपाची पत्रे लिहिली, सामान फोक्सवॅगन मोटारीत भरले आणि निघून गेली. मोटार सापडली नाही, ती सापडली नाही. काही वर्षांनी घरच्यांनी एका खाजगी तपासनिसाला गाठले. तो म्हणाला, सापडली तरी नाहीसे होण्याचा तिला हक्क आहे. या उत्तराने भावाच्या जिवाला काय वाटले असेल, ते तुम्हीच ताडा.

जानेवारी २००४ मध्ये, वय ऐंशीला टेकले असता, डाइच यांनी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी या रेडिओ केंद्रावर डेव्हिड गार्लंड यांच्या कार्यक्रमात ती जुनी टेप वाजवली. डॅन डझुला नावाच्या तरुणाने ती ऐकली, आणि त्याला ती काही सोडीना. त्याने व डेव्हिड हर्मन या त्याच्या मित्राने शोध घेतला. डाइच यांच्या टेपा तर होत्याच; शिवाय कॉनीने १९५० नंतरच्या दशकात घरीच मुद्रित करून फिलिपला पाठवलेल्या टेपा फाइलींच्या एका कपाटात जपून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्यांतून निवडून २००९ साली तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. फिलिप तेव्हा हयात होते. त्यानंतर पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, ते वारले.