इंग्रजी ‘अन्’, स्पॅनिश ‘नो’ आणि एक बेट

शिंप्याच्या दुकानांत दोन सदरे पडलेले आहेत अशी कल्पना करा. एक अजून शिवावयाचा आहे; दुसरा शिवलेला होता, पण त्याची बाही उसवली आहे. पहिल्याला मराठींत कोणी ‘उसवलेला’ म्हणणार नाहीं. इंग्रजींत मात्र दोहोंसहि ‘अन्‌स्टिच्ड’ हा एकच शब्द चालून जातो. स्पॅनिश मनुष्य या बाबतींत आपल्यासारखाच काटेकोर आहे. न शिवलेलें तें ‘सिन् कोसेर’, उसवलेलें तें ‘देस्कोसीदो’. इंग्रजी नकारार्थी शब्द स्पॅनिशमध्यें नेणाऱ्याला हा प्रश्न टाळतां येत नाहीं : जें नाहीं, तें मुळांतच नव्हतें, कीं होतें आणि नाहींसें झालें?

या घोटाळ्याचें कारण जुनें आहे. इंग्रजींत ‘अन्’ एक नसून दोन आहेत. एक आपल्या संस्कृत ‘अ’ व ‘अन्’ या उपसर्गांचा सख्खा भाऊ. लॅटिन ‘इन्’ हाहि त्याच घरचा. दुसरा क्रियापदांस लागून केलेली गोष्ट उलटविणारा. तो ग्रीक ‘अँटि’च्या कुळांतला. काळाच्या ओघांत दोघांचे उच्चार मिळून गेले. स्पॅनिशमध्यें उलटविण्याचें काम बहुतेक ‘देस्’कडे, केवळ अभावाचें काम ‘इन्’, ‘नो’ किंवा ‘सिन्’कडे. अपवाद आहेतच. ‘देस्लेआल’ म्हणजे बेइमान. त्याच्या अंगीं पूर्वी इमान होतें किंवा नाहीं याची चौकशी तो शब्द करीत नाहीं.

निवृत्तीनंतर कोश समोर ठेवून मी थोडें स्पॅनिश वाचूं लागलों, तेव्हां पहिली ठेंच लागली ती ‘इनाबितादो’ या शब्दाची. इंग्रजी ‘इन्हॅबिटेड’ म्हणजे वस्ती असलेलें. अक्षरें जवळजवळ तींच, पण स्पॅनिशमध्यें अर्थ निर्जन! नुसत्या अक्षरांवर विसंबणारा भाषांतरकार भरल्या गांवाला ओसाड ठरवून मोकळा होईल. वर्गांत अशा उत्तराला मीं शून्य दिलें असतें, आणि येथें तें माझें मलाच घ्यावें लागलें.

परंतु असा एक उपसर्ग साऱ्या बेटाच्या नशिबाला चिकटला, ती हकीकत अधिक गंभीर आहे. १८९८ सालच्या युद्धांत स्पेन हरला आणि १० डिसेंबरच्या पॅरिस येथील तहानें पोर्तो रिको हें बेट अमेरिकेच्या हातीं गेलें. प्रजेची भाषा स्पॅनिश, नव्या धन्याची इंग्रजी. १९०० सालच्या कायद्यानें बेटावरून अमेरिकेंत येणाऱ्या मालावर जकात बसली. डाउन्स नांवाच्या व्यापाऱ्यानें न्यूयॉर्कला संत्रीं आणविलीं. त्यांवर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात पडली. त्यानें ती निषेध नोंदवून भरली व दावा लावला. राज्यघटना सांगते कीं देशभर जकात एकसारखी असावी. मग हें बेट देशांत कीं देशाबाहेर? २७ मे १९०१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं जकात उचलून धरली. न्यायमूर्ति व्हाइट यांनीं आपल्या स्वतंत्र निकालपत्रांत मांडलें कीं बेट अमेरिकेच्या मालकीचें खरें, पण तिच्यांत समाविष्ट केलेलें नाहीं. यांतूनच ‘अनिन्कॉर्पोरेटेड’ हें विशेषण त्या बेटाला कायमचें लागलें.

हा शब्द स्पॅनिशमध्यें कसा न्यावा? ‘देसिन्कोर्पोरादो’ म्हटलें तर जोडलेलें तोडलें असा अर्थ होतो. तें वर्णन बेटाच्या स्पेनशीं असलेल्या नात्याला शोभलें असतें, अमेरिकेशीं असलेल्या नव्हे. म्हणून ‘नो इन्कोर्पोरादो’ रूढ झालें. माझ्या मतें भाषांतर बिनचूक आहे, आणि म्हणूनच कठोर आहे. इंग्रजींत तो नकार शब्दाच्या पोटांत दडून बसतो. स्पॅनिशमध्यें ‘नो’ दारांत उभा राहतो. अमेरिकन कायद्यांतील ‘अनऑर्गनाइज्ड’ प्रदेशाचेंहि तसेंच. त्याला ‘देसोर्गानिसादो’ म्हटलें तर तेथें नुसता गोंधळ माजला आहे असें वाटेल!

१९१७ सालीं बेटवासीयांना अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. तरी १९२२ सालीं, अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झालेल्या बाल्साक नांवाच्या संपादकानें ज्यूरीचा हक्क मागितला, तेव्हां तेंच विशेषण आडवें आलें. माणूस नागरिक असला तरी बेट समाविष्ट नाहीं, सबब हा हक्क नाहीं, असा न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला. अलास्का मात्र १९०५ सालींच समाविष्ट ठरला होता. १९५९ सालीं तो संस्थान म्हणून अमेरिकेच्या संघांत दाखल झाला.

१९५२ सालीं पोर्तो रिकोची स्वतःची घटना अमलांत आली. इंग्रजींत नांव पडलें ‘कॉमनवेल्थ’, स्पॅनिशमध्यें ‘एस्तादो लिब्रे आसोसियादो’, म्हणजे स्वतंत्र सहयोगी राज्य. दोन्ही नांवांत नकाराचा मागमूस नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें मात्र बेट अद्याप ‘नो इन्कोर्पोरादो’च आहे. तेथें राहणाऱ्या नागरिकाला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं, आणि वॉशिंग्टनला त्यानें पाठविलेल्या प्रतिनिधीला सभागृहांत भाषण करतां येतें, पण विधेयकाच्या अखेरच्या मतदानांत भाग घेतां येत नाहीं.