क्षमा : निकेल माइन्स ते मारलवाई

2 ऑक्टोबर 2006 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, निकेल माइन्स या खेड्यातील आमिश पंथीयांच्या छोट्या शाळेत एका बंदूकधाऱ्याने 10 मुलींवर गोळ्या झाडल्या. 5 मुली दगावल्या. हल्लेखोराने स्वतःलाही संपविले. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या पत्नीच्या व आईवडिलांच्या भेटीस गेले. पुढे त्याच्या दफनविधीसही ते उपस्थित राहिले आणि जगभरातून आलेल्या मदतीतील वाटा त्यांनी त्या कुटुंबास दिला.

हा क्षणिक भावनावेग नव्हता. 1569 मध्ये हॉलंडात डर्क विलेम्स नावाचा त्यांचा धर्मबंधू तुरुंगातून निसटून बर्फावरून पळत होता. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा डर्कने मागे फिरून त्यास वाचविले. पकडला जाऊन तो जाळला गेला. ही कथा आमिश घरांतून आजही सांगितली जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारातून आलेली ही क्षमा आहे.

असे काही आपल्या आदिलाबादेत घडले आहे काय? आमच्या मते त्याचे उत्तर मारलवाईस मिळते.

1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम व त्यांचे सहकारी निझामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल राखीव झाले, पिढीजात शेते गेली, दाद कोठे लागली नाही. उठावाचे मूळ हे होते. त्यानंतर निझाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ डॉ. हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मारलवाईस राहिले. ज्या सरकारने गोळ्या झाडल्या, त्याच सरकारने धाडलेल्या परक्या माणसास गोंडांनी आपल्या पाड्यात जागा दिली. आम्हांस हे क्षमेचेच एक रूप वाटते. त्यास कोणी हे नाव दिले नाही, एवढेच.

1943 पासून मारलवाईस गोंड शिक्षक घडविण्याचे कार्य सुरू झाले. गोंडी भाषेची पुस्तके देवनागरीत निघाली. हजारो एकर जमिनीचे पट्टे गोंडांच्या नावे झाले. या कार्यात आपला एक मराठी माणूस अग्रभागी होता, हे वाचकांस विदित असेलच. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हे इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहेत. परंतु हैदराबाद संस्थानचे अधिकारी या नात्याने ते या जिल्ह्यात वावरले, गोंडी शिकले आणि त्या भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. ज्याचे गाऱ्हाणे ऐकावयाचे त्याची भाषा आधी शिकावी, हा धडा शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस आजही मोलाचा वाटतो.

बेट्टी 1987 मध्ये हैदराबादेत वारल्या. त्यांचे दफन मारलवाईस झाले. डॉ. हायमेनडॉर्फ 1995 मध्ये लंडनला निवर्तले. पुढे त्यांच्या अस्थीही तेथेच आणल्या गेल्या.

तथापि कथा येथे संपत नाही. पट्टे मिळाले तरी जमीन पुन्हा निसटत गेली. सावकारी, कापसाचे पीक आणि बाहेरून आलेल्यांची वस्ती ही त्याची कारणे. 1959 चा जमीन हस्तांतरण नियम 1963 मध्ये तेलंगणात लागू झाला आणि 1970 मध्ये अधिक कडक करण्यात आला. तरीही 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीस गोळीबार झालाच. सरकारी आकडा 13 मृतांचा. स्थानिक लोक तो कितीतरी अधिक सांगतात.

आपली मराठी घराणी या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. कोणी पाटीलकीने आले, कोणी नोकरीने, कोणी शेतीसाठी. गोंड शेजारी आपल्याशी मराठीत बोलतात. आपल्यापैकी किती जणांस गोंडी येते? केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरतो आणि तेथे आजही गाऱ्हाणी मांडली जातात. यावरून आम्हांस वाटते, की या समाजाने बोलणे थांबविलेले नाही. जोवर गाऱ्हाणे मांडले जाते, तोवर क्षमेचे दारही उघडे असते.

आमिशांकडून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. त्यांच्या पंथात क्षमेपूर्वी चुकल्याची कबुली व दुरुस्ती अपेक्षित असते. मात्र ती झाली की विषय कायमचा मिटतो. निकेल माइन्सला मात्र कबुली देणाराच उरला नव्हता, तरी क्षमा झाली. तशी क्षमा करणे हा सर्वस्वी पीडितांचा अधिकार. इतरांनी तिची अपेक्षा धरणे अयोग्य. इतरांच्या वाट्यास येते ती दुरुस्ती. जुना दस्तऐवज न लपविणे, शेजाऱ्याची भाषा शिकणे आणि त्याच्या बांधाची मर्यादा राखणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.