प्रकाशाचे वाटेकरी
कोकणातील वीज आणि महाराष्ट्रातील अंधार यांचा इतिहास

मनुष्याच्या संस्कृतीचा इतिहास हा एका अर्थी प्रकाशाचा इतिहास होय. तथापि प्रकाश कोठे निर्माण झाला, एवढेच पाहून तो इतिहास पूर्ण होत नाही. तो कोणाच्या घरी पोहोचला आणि कोणाच्या दारावरून पुढे निघून गेला, हेही पाहावे लागते. गिरमिटाच्या कराराने बांधलेले जे मराठी मजूर एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले, त्यांतील पुष्कळांची मूळ गावे रत्नागिरी जिल्ह्यात होती. ज्या भूमीत पोट भरेना म्हणून ते समुद्रापार गेले, तीच भूमी पुढे महाराष्ट्राला वीज पुरवू लागली. त्यांच्या वंशजांनी ही कथा अवश्य जाणून घ्यावी.

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवावे, ते कोकणच्या बाजूस खाली सोडावे आणि त्याच्या वेगाने चक्रे फिरवावीत, ही कल्पना टाटा उद्योगसमूहाने प्रत्यक्षात आणली. १९१५ साली खोपोली येथील वीजगृह सुरू झाले व मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज मिळू लागली. त्यामागून भिवपुरी आणि भिरा येथील वीजगृहे उभी राहिली. परंतु भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी व गावे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे अग्रणी झाले. याच लढ्यामुळे लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. सत्याग्रह अयशस्वी ठरला व धरण झाले. शहराच्या दिव्यांचे मोल खेड्याने कोणत्या रूपाने द्यावयाचे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून महाराष्ट्रापुढे उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्पाने तोच प्रश्न अधिक मोठ्या प्रमाणावर उपस्थित केला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६२ मध्ये चिपळूण तालुक्यातील पोफळी येथील भूमिगत वीजगृहातून वीज मिळू लागली. पुढे या प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत वाढली. चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी वाशिष्ठी नदीत पडते व समुद्रास मिळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि वीजनिर्मिती थांबली. एका खोऱ्यावर संकट आले की दूरच्या शहरांतील कारखानेही अडतात, याचा अनुभव त्या वेळी राज्याने घेतला.

यानंतर रत्नागिरी जिल्ह्याचे नाव पुन्हा गाजले ते दाभोळ प्रकल्पामुळे. गुहागर तालुक्यात अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने उभारलेला हा प्रकल्प १९९९ साली सुरू झाला. त्याची वीज विद्युत मंडळास परवडेना. दरावरून वाद विकोपास गेला, २००१ च्या मध्यास प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉनचेच दिवाळे वाजले. राज्याची मागणी वाढत असता अवाढव्य यंत्रे समुद्रकाठी निश्चल उभी राहिली. सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प २००६ साली पुन्हा सुरू झाला, तोवर वीजटंचाई तीव्र झालेली होती.

'भारनियमन' हा रुक्ष सरकारी शब्द याच काळात घरोघरी पोहोचला. मुंबई बहुतांशी त्यातून सुटली. खेड्यांतून मात्र दिवसाचे आठ, दहा, कधी बारा तास वीज नसे. पिठाची गिरणी बंद, म्हणून दळणाचे डबे रांगेत पडून राहत. नळयोजनेचा पंप बंद, म्हणून विहिरीवर पुन्हा घागरी दिसू लागत. दहावीची मुले कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत. मालेगाव व भिवंडी येथे यंत्रमाग थांबले की त्या दिवसाची मजुरीही बुडे. सर्वांत कठीण स्थिती शेतकऱ्याची होती. कृषिपंपांना वीज अनेकदा मध्यरात्री येई. विंचूकाट्याचे व सापाचे भय बाळगीत, बॅटरीच्या उजेडात त्याला उसाला पाणी द्यावे लागे. पुढे वीजगळती व थकबाकी यांवरून भागांची प्रतवारी ठरू लागली. जेथे थकबाकी अधिक, तेथे अंधार अधिक. नियमाने बिल भरणाऱ्यासही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा भोगावी लागे. २०१२ च्या अखेरीस बहुतेक राज्य भारनियमनमुक्त झाले. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली.

अमेरिकेतील शेतकऱ्यासही हा अंधार अपरिचित नव्हता. मिनियापोलिस शहरात १८८२ सालीच सेंट अँथनी धबधब्याच्या पाण्यावर वीज निर्माण झाली. पण १९३० च्या दशकाच्या मध्यास देशातील दहांपैकी सुमारे नऊ शेतघरे विजेवाचून होती. आज उपनगर म्हणून भरभराटलेले ईडन प्रेरीही तेव्हा शेतकऱ्यांचेच गाव होते. खासगी कंपन्यांना खेड्यापर्यंत तारा नेणे किफायतशीर वाटेना. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने कर्जाची सोय झाली व शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतःच तारा ओढल्या. याच संस्थांच्या राष्ट्रीय संघाच्या साहाय्याने भारतात प्रायोगिक वीजसंस्था निघाल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही त्यांपैकीच एक होय. थकबाकीच्या ओझ्याने २०११ साली तिचा कारभार संपला. सहकाराचे बीज चांगले असले, तरी हिशेबाची निगा नसेल तर पीक येत नाही, हाच तिचा धडा.

मॉरिशसमध्ये उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण होते. ज्या उसाच्या फडात पूर्वजांनी घाम गाळला, त्याच उसाने वंशजांच्या घरी दिवे लागावेत, यात इतिहासाचा काही न्याय आहे. श्रम करणाऱ्याच्या दारी प्रकाश शेवटी पोहोचणे हा वीजयोजनेचा अपवाद नसावा, तोच तिचा नियम असावा. मुळशी, कोयना आणि दाभोळ यांच्या इतिहासाचे तात्पर्य हेच आहे.