एका नावाखाली झाकलेली दुसरी मधमाशी

फुलोरी मधमाशी भारताच्या बहुतेक सखल प्रदेशांत आढळते. झुडपाच्या बारीक फांदीभोवती ती उघड्यावर एकच लहानसे पोळे बांधते आणि पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट राळेची कडी लावून मुंग्यांची वाट अडवते. लिनियसचा शिष्य असलेल्या योहान फाब्रिसियुस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये तिचे ‘एपिस फ्लोरिया’ असे नामकरण केले.

पुढे आल्फ्रेड रसेल वॉलेसने आग्नेय आशियातून पाठवलेले कीटक लंडनमध्ये पोहोचले. त्यांचा अभ्यास करताना ब्रिटिश म्युझियममधील फ्रेडरिक स्मिथला तेवढीच लहान, पण अधिक काळसर मधमाशी दिसली. १८५८ मध्ये त्याने तिला ‘एपिस अँड्रेनिफॉर्मिस’ हे स्वतंत्र नाव दिले. हे नाव मात्र फार काळ टिकले नाही. टाचणीला लावलेल्या सुकलेल्या कामकरी माश्यांत रंगाखेरीज ठळक फरक दिसेना आणि रंग ही तर फसवी खूण. त्यामुळे अनेक अभ्यासकांनी तिला फ्लोरियाचाच एक प्रकार मानले. १९५३ मध्ये मा या कीटकशास्त्रज्ञाने दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या मांडल्या. तरीही पाठ्यपुस्तकांत जगातील मधमाश्यांच्या जाती चारच राहिल्या आणि लहान मधमाशी म्हणजे फ्लोरिया हे समीकरण कायम राहिले.

याच दशकात मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने श्रीलंकेत फुलोरी माशीच्या नृत्याचा अभ्यास केला. पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचणारी ही माशी थेट अन्नाच्या दिशेने धाव घेऊन दाखवते. उभ्या पोळ्यावर नाचणाऱ्या सातेरीप्रमाणे तिला गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भाने कोन सांगावा लागत नाही. शोध मोलाचा होता. परंतु श्रीलंकेत फ्लोरिया एकटीच राहते. तुलनेसाठी दुसरी जात तेथे नव्हतीच.

दोन्ही जाती शेजारी नांदतात अशा प्रदेशांतच हा प्रश्न सुटला. चीनच्या युन्नान प्रांतातील माश्यांवरून वू यान-रू व कुआंग बांग-यू यांनी १९८०च्या दशकात अँड्रेनिफॉर्मिसचे स्वतंत्र अस्तित्व पुन्हा प्रतिपादले. १९९० मध्ये सिरिवत वोंगसिरी व सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये त्याला पुष्टी दिली. फ्लोरियाच्या कामकरी माशीच्या मागच्या पायांवरील केस पांढरे, तर अँड्रेनिफॉर्मिसचे काळे असतात. नरांच्या मागच्या पायाला अंगठ्यासारखा फाटा असतो. तो फ्लोरियात बराच लांब असतो. नरांच्या जननेंद्रियांची रचनाही निराळी आहे. संग्रहालयांत भरणा होता कामकरी माश्यांचा. निर्णायक पुरावा मात्र नरांच्या शरीरात होता.

आणखी एक पुरावा घड्याळाने दिला. मधमाश्यांच्या राण्या नरांना आकर्षित करण्यासाठी जे मुख्य गंधद्रव्य सोडतात ते सर्व जातींत सारखेच असते. मग जातींची सरमिसळ का होत नाही? आग्नेय थायलंडमधील निरीक्षणांत, १९९३ च्या शोधनिबंधानुसार, अँड्रेनिफॉर्मिसचे नर दुपारी साधारण १२:१५ ते १:४५ या वेळेत उडत होते, तर फ्लोरियाचे नर २ ते ४:४५ या वेळेत. आकाश एकच, गंध एकच. पण वेळा वाटून घेतलेल्या. मेलेल्या नमुन्यावरून ही गोष्ट कधीच कळली नसती.

भारतात फुलोरी कोरड्या माळरानापासून शहरातील बागांपर्यंत तग धरते. अँड्रेनिफॉर्मिस मात्र ईशान्य भारतात सापडते आणि तिचा ओढा वनप्रदेशाकडे आहे. मधासाठी फांदीसकट पोळे तोडले की वसाहतीचे सारे पोळे, साठा आणि पिल्ले एकदमच जातात. फुलोरीचा वावर मोठा, म्हणून तिच्याबाबत ही हानी सहज नजरेआड होते. पण ईशान्येतील प्रत्येक लहान पोळ्याची नोंद ‘फुलोरी’ अशीच झाली, तर दुसरी जात एखाद्या जंगलातून नाहीशी झाल्यावरही कागदावर काहीच उणे दिसणार नाही. जिची नोंदच वेगळी होत नाही, तिची घटही मोजता येत नाही. म्हणून लहान मधमाशीच्या मागच्या पायावरील केसांचा रंग पाहणे हा किरकोळ तपशील ठरत नाही. संवर्धनाची सुरुवात तेथूनच होते.